कुळागरातले घरटे कोणाला दाखवावे?

फोंडा तालुक्यातील एका वाचक भगिनीचे मोठे पत्र आले आहे. त्याचा मथितार्थ असा:

"माझे वय ५२. आमचे घर कुळागरातच, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतच, आहे. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षिका मैत्रिणीबरोबर करमळीच्या तळ्यावर गेले, तिथे कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी पाहिला आणि तेव्हापासून पक्षी पाहण्याचा नाद लागला. आमच्या भागातील पक्षीप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटात मी आहे. मंडळी चांगली आहेत, त्यांनी मला पुष्कळ शिकवले. पण तिथे भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, 'तुमचे किती झाले?' माझे ६३ झाले आहेत. इतरांचे तीनशेच्या वर आहेत. माझ्या चष्म्याचा नंबर मोठा आहे, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे इतरांनी दाखवलेला पक्षी मला दिसेपर्यंत तो उडालेला असतो. कॅमेरा घ्या असे सगळे सांगतात. यजमान म्हणतात की हा श्रीमंतांचा छंद आहे आणि त्याचा कोणाला काही उपयोगही नाही.

"गेल्या आठवड्यात कुळागराच्या कडेला, वेळूच्या बेटाजवळ, माझ्या मुलाने एका फांदीवर वाळके पान दाखवले. वारा आला तरी ते हलेना. नीट पाहिले तर तो पक्षी होता. मोबाइलवर फोटो काढून गटात टाकला, तेव्हा कळले की तो बेडूकमुखी आहे आणि घरट्यावर बसला आहे. आता येत्या रविवारी आठजण यायचे म्हणतात. मध्ये येणारी एक फांदी छाटून ठेवा, असा निरोपही एकाने पाठवला आहे. माझ्या मनाला हे बरे वाटत नाही. पण ज्यांनी शिकवले त्यांना नाही कसे म्हणावे? मी स्वार्थी ठरेन का? आणि नामवंत पक्षीनिरीक्षकांनी हे सगळे कसे केले, तेही सांगा. माझ्यासारखीने पुढे काय करावे?

"ता. क. गेल्या पावसाळ्यात पहाटे आमच्या व्हाळाकडून (ओढ्याकडून) कोणी माणूस रमतगमत शीळ घालतो आहे असा आवाज रोज यायचा. माणूस कधी दिसला नाही. तो पक्षी असेल का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

रविवारचा प्रश्न निकडीचा होता म्हणून तेवढ्यापुरते उत्तर तुम्हाला दूरध्वनीवरून आधीच कळवले होते. पण हाच पेच पक्षी पाहणाऱ्या अनेकांपुढे कधी ना कधी उभा राहतो, म्हणून तो इथे सविस्तर लिहिते. कोणालाही बोलावू नका. आठजणांना नको, दोघांना नको, ज्यांनी तुम्हाला शिकवले त्या एकालाही नको. आणि फांदीला तर हातही लावू देऊ नका.

तुम्ही लिहिता की पक्षी राखट करड्या रंगाचा आहे आणि दिवसभर घरट्यावरून हलत नाही. म्हणजे तो नर असावा, कारण या जातीत दिवसा अंडे उबवण्याचे काम नर करतो आणि अंधार पडल्यावर पाळी बदलते. मादीचा रंग अधिक तांबूस असतो. घरटे म्हणजे फांदीवर बसवलेली, तळहाताहूनही लहान अशी एक गादी असते. आत अंगाचीच मऊ पिसे आणि बाहेरून दगडफूल व सालीचे तुकडे, त्यामुळे ती फांदीचीच गाठ वाटावी. त्या गादीवर पांढरे अंडे एकच असते. ते गेले की त्या जोडीची ती सगळी खेप गेली. चाहूल लागली की हा पक्षी चोच आभाळाकडे करून ताठ आणि निश्चल बसतो, म्हणजे पाहणाऱ्याला मोडक्या फांदीचा खुंट दिसावा. त्याच्यापाशी धारदार नखे नाहीत, वेग नाही, आरडाओरड करून शत्रूला पळवून लावण्याची ताकद नाही. त्याचा सारा बचाव न हलण्यावर उभा आहे.

इथेच माणसांची गफलत होते. आपण जवळ गेलो तरी पक्षी उडाला नाही, म्हणजे त्याला आपले काही वाटले नाही, असे आपण समजतो आणि आणखी दोन पावले पुढे टाकतो. प्रत्यक्षात तो घाबरला आहे म्हणूनच हलत नाही. आणि शेवटी सहन न होऊन उडालाच, तर भर दिवसा त्या उघड्या गादीवर पांढरे अंडे टकाचोर पक्ष्याला किंवा कावळ्याला लांबूनही दिसते. तुमच्या कुळागरात टकाचोर नक्की असणार, आणि माणसे एखाद्या झाडाखाली वारंवार जमतात तिथे काय आहे हे पाहायला तो येतोच. छाटायला सांगितलेली ती एक फांदी कोणाला क्षुल्लक वाटत असेल, पण त्या गादीवरची सावली आणि तिच्यापुढचा पडदा तीच आहे.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घरामागच्या कढीपत्त्याच्या झाडावर नाचणाने घरटे केले होते. कोळ्याच्या जाळ्याने गुंडाळलेला जणू एक छोटासा पेला, आणि त्यात तीन अंडी. घरी पाहुणे आले होते, त्यांना नीट दिसावे म्हणून मी एक डहाळी मागे ओढून सुतळीने बांधली, आणि पाहुणे गेल्यावर सोडायची विसरले. तिसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. पेला शाबूत होता, काठावरचे जाळेसुद्धा तुटले नव्हते; फक्त अंडी नव्हती. नाचणाची जोडी दोन दिवस त्या झाडावर येऊन शेपटी पसरत इकडून तिकडे फिरत राहिली, आणि मग दिसेनाशी झाली. ती सुतळी मी बांधली होती. तुम्हाला इतक्या निक्षून सांगते आहे ते त्यामुळे.

नाही कसे म्हणावे, हा तुमचा खरा प्रश्न. लांबलचक कारणे देत बसू नका, कारण प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. गटात एवढेच लिहा: "रविवारचा बेत रद्द करत आहे. पक्षी अंड्यावर आहे. पिल्लू उडून जाईपर्यंत आम्ही घरचेही तिकडे जाणार नाही. पाऊस संपल्यावर सगळ्यांनी कुळागरात जरूर यावे, सकाळचा चहा आमच्याकडे." मग घरट्याचा फोटो गटातून काढून टाका आणि जागेविषयी कोणी वेगळे विचारले तरी सांगू नका. ज्यांनी तुम्हाला शिकवले त्यांना मात्र स्वतः फोन करा. संदेशात जो कोरडेपणा येतो तो आवाजात येत नाही, आणि जाणत्या माणसाला दोन वाक्यांत समजेल. न समजल्यास हेही सांगायला हरकत नाही की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही, पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. कायद्याचा धाक आधी घालावा असे मला वाटत नाही. पण तो पाठीशी आहे हे ठाऊक असले की बोलताना आवाज डळमळत नाही.

याला स्वार्थ म्हणत नाहीत. स्वार्थ तेव्हा झाला असता, जेव्हा इतरांना नाही सांगून तुम्ही स्वतः रोज झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या असता. म्हणून घरच्यांसाठीही तोच नियम ठेवा. मुलाला लांबच्या एका ठरलेल्या जागेवरून, दिवसातून एकदा, दुर्बिणीतून पाहू द्या. पाडेली (नारळ पाडणारा) येणार असेल तर त्या बाजूचे माड तेवढे दिवस राहू द्यायला सांगा. शिंपणाच्या निमित्ताने कोणी तिकडे जात असेल तर त्याला कारण समजावून सांगा, नुसती मनाई करू नका, कारण मनाईने कुतूहल वाढते. रात्री विजेरीचा झोत त्या दिशेला टाकू नये. हा निशाचर पक्षी आहे, त्याचे डोळे अंधारासाठी घडलेले आहेत.

आता त्या ६३ चा विषय. तो तुमच्या मनाला लागला आहे हे पत्रातल्या शब्दांवरून दिसते.

मोजण्याची मी निंदा करणार नाही. मोजणे हा या छंदाचा जुना भाग आहे आणि काहींनी तो जीव ओतून केला. अमेरिकेतील फीबी स्नेटसिंगर यांना १९८१ साली त्वचेचा कर्करोग असल्याचे निदान झाले, हाताशी वर्षभराचाही काळ नाही असे सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी घरी बसण्याऐवजी जगभर पक्षी पाहत फिरायचे ठरवले. त्या पुढे अठरा वर्षे जगल्या आणि आठ हजारांहून अधिक जाती पाहणाऱ्या पहिल्या व्यक्ती ठरल्या. १९९९ साली मादागास्करमध्ये पक्षी पाहायला गेल्या असताना वाहनाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. प्रवासाला निघण्यापूर्वी त्या त्या देशातील पक्ष्यांचा अभ्यास करून, टिपणे काढून त्या जात. म्हणजे संख्येमागे मेहनत होती. पण किंमतही मोठी होती. मुलीच्या लग्नालाही त्या हजर नव्हत्या. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मृत्यू समोर दिसत असताना माणसाने काय करावे हे दुसऱ्याने ठरवू नये. मात्र तुमच्या गटातील कोणी ३५० चा आकडा सांगून तुम्हाला लहान ठरवत असेल, तर लक्षात असू द्या की त्या आकड्यापाठीमागे बहुधा पेट्रोल आहे, वाटाड्या आहे आणि सुटीचे दिवस आहेत, आणि तुमच्या ६३ पाठीमागे घरचे व्याप सांभाळून काढलेल्या सकाळी आहेत. या दोन आकड्यांची तुलना करायचे कारणच नाही.

सालिम अलींचे नाव तुम्ही पत्रात घेतले आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी आणि त्यातून पुढे घडलेले आयुष्य, ही कथा सर्वांना माहीत आहे. मला त्यांच्या आयुष्यातील दुसरा एक काळ अधिक जवळचा वाटतो. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकून ते १९३० साली मुंबईला परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांची पूर्वीची नोकरी पैशांअभावी बंद झालेली होती. वय ३३, पदरी अभ्यास, आणि हाताला काम नाही. ते आणि त्यांच्या पत्नी तहमिना अलिबागजवळ किहीमला सासरच्या मंडळींच्या घरी जाऊन राहिले. तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरा कोणी असता तर 'सुगरण, पाहिली' अशी खूण करून पुढे गेला असता. अलींनी तोच पक्षी, तेच झाड, महिनोन्महिने पाहिले, कोणते घरटे कोणत्या दिवशी कुठवर आले याच्या नोंदी ठेवल्या, आणि तोवर कोणाच्या नीट ध्यानात न आलेली गोष्ट मांडली: नर अनेक घरटी अर्धी विणून ठेवतो, मादी येऊन पारख करते, एक पसंत करून ताबा घेते, मग नर ते पूर्ण करून देतो आणि दुसऱ्या मादीसाठी पुढच्या अर्ध्या घरट्याकडे वळतो. आपल्या भाषेने या पक्ष्याला स्त्रीचे नाव दिले, पण विणकर आहे तो नर. हा शोधनिबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांना त्यांच्या यादीत एकाही नव्या पक्ष्याची भर घालावी लागली नव्हती.

तुमच्यापाशी कुळागर आहे. सुपारी, माड, केळी, जायफळ, पोफळीवर चढवलेली मिरी, मधून वाहणारा पाट, एका कडेला व्हाळ आणि मागे डोंगर. गोव्यात साडेचारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ जाती वर्षभरात कधी ना कधी अशा ठिकाणी येऊन जातात. तुम्ही रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, पाऊण तास चाला. चोडणच्या पक्षी अभयारण्यात जरूर जा, तिथे कांदळवनात खंड्याच्या ज्या जाती दिसतात त्या तुमच्याकडे येणार नाहीत. करमळीलाही दर हिवाळ्यात जा, अडई बदकांचे थवे आणि जांभळ्या पाणकोंबड्या पाहून तुमचा दिवस चांगला जाईल. पण ती यात्रा झाली. नित्याची पूजा घरीच करायची असते.

डोळ्यांचे म्हणाल तर त्यावर एक उपाय दुर्बिणीत आहे आणि दुसरा कानांत. तुमची दुर्बीण ८×४२ आहे असे लिहिले आहे, ती उत्तम आहे. आठपट मोठे दिसते आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगांमुळे कुळागराच्या सावलीतही पुरेसा उजेड आत येतो. तक्रार दुर्बिणीची नसून ती तुमच्या डोळ्यांना लावून न घेतल्याची असावी, कारण दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असलेल्या माणसाला ती तशीच वापरून कधीच स्पष्ट दिसत नाही. चष्मा लावूनच पाहा आणि डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली दाबून किंवा फिरवून आत घ्या. मग लांबच्या पोफळीच्या शेंड्यावर नजर लावा. उजव्या बाजूचे पुढचे भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने मधले चाक फिरवून झावळीची पाती रेखीव दिसू द्या. आता डावे भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्यापाशी जे छोटे कडे आहे ते फिरवून तीच पाती पुन्हा रेखीव करा. ते कडे कुठवर फिरले त्याची खूण नेलपॉलिशच्या ठिपक्याने करून ठेवा. यापुढे फक्त मधले चाक फिरवायचे. आणि पक्षी दिसला की दुर्बिणीकडे पाहू नका. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. एवढ्या एका सवयीने निम्मे उडालेले पक्षी परत मिळतात.

दुसरा उपाय कानांचा. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे हे मोठे पक्षीप्रेमी होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१० साली इंग्लंडला आले, तेव्हा जूनमध्ये या दोघांनी राजकारण बाजूला ठेवून एक दिवस रानवाटांवर पक्ष्यांची गाणी ऐकत घालवला. गाणे ऐकू आले की ग्रे नाव सांगत आणि रूझवेल्ट ते ध्यानात ठेवत. पुढे ग्रे यांची दृष्टी जवळजवळ गेली, वाचन अशक्य झाले, तरी पक्षी त्यांच्यापासून तुटले नाहीत, कारण ते आधीपासून कानांनी ओळखत आले होते. तुमच्या अंगणात हे शिक्षण फुकट आहे. उजाडण्याआधी सर्वांत आधी जो गातो तो बहुतेक दयाळ. ऊन चढू लागले की ठोक्याठोक्याने 'टुक टुक' करणारा तांबट. दिवसभर 'कुटुर्र, कुटुर्र' करून कुळागर भरून टाकणारा कुटुरगा. वरच्या झाडीतून कोणी खदखदून हसल्यासारखे वाटले तर मलबारी राखी धनेश. आणि पावशा तर आपल्या लोकांना 'पेरते व्हा' असे स्पष्ट सांगत आला आहे. ज्यांनी त्या आवाजात हे शब्द ऐकले ते शेतकरी कानांनी पक्षी ओळखण्यात आपल्यापेक्षा कितीतरी पुढे होते. दर आठवड्याला एकच आवाज पक्का करा. मात्र मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याची जी पद्धत पडली आहे ती शिकू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून पक्षी खाणे-पिणे, अंडी-पिल्ले सोडून धावून येतो, आणि आपण त्याला फसवलेले असते.

तुमच्या सासूबाई पक्ष्यांना 'वेगळीच गावठी नावे' घेतात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ताई, ही तुमच्या घरातली ठेव आहे. भारद्वाजाला कोकणात कुकुडकुंभा म्हणतात. अशी किती नावे त्यांच्यापाशी असतील! त्यांच्याजवळ बसून ती उतरवून घ्या, आणि नावाबरोबर ते का पडले, तो पक्षी दिसला तर काय होते असे मानतात, हेही लिहा. मारुती चितमपल्ली यांनी नेमके हेच केले. वनखात्याच्या नोकरीत तीन दशकांहून अधिक काळ रानात काढताना ते आदिवासींकडून, पारध्यांकडून, मासेमारांकडून शब्द गोळा करत राहिले आणि त्यातून मराठीला पक्षीकोश मिळाला. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द आपल्याला त्यांच्यामुळे मिळाला. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर; महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तुमच्या गटाला काही सुचवायचेच असेल तर त्या आठवड्यात सगळ्यांना कुळागरात बोलावण्याचे सुचवा.

वही ठेवा, आणि कॅमेऱ्यासाठी जमवाल त्या पैशांतील शंभर रुपये तिच्यावर खर्च करा. तारीख, वेळ, आभाळ कसे होते, पक्षी किती, काय करत होते, एवढे पुरे. नाव कळले नाही तर तसे लिहा आणि पक्ष्याचे वर्णन करा. वहीच्या पानांचे महिन्यातून एकदा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे सांगण्यामागे एक दुःखद कारण आहे. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे भारतातील पक्षीअभ्यासाचे एक आद्य पुरुष. त्यांनी भारतीय पक्ष्यांवरील मोठ्या ग्रंथासाठी पंचवीसेक वर्षे टिपणे जमवली होती. १८८० च्या दशकात एकदा ते घरी नसताना शिमल्याच्या बंगल्यातील नोकराने तो कागदांचा ढीग रद्दी म्हणून बाजारात विकला. पुन्हा लिहिण्याची उमेद त्यांच्यात उरली नाही; ८० हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह त्यांनी ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला आणि ते या विषयातून जवळजवळ बाहेर पडले. प्रत नव्हती, एवढेच कारण.

यजमानांना उत्तर देताना थोडे प्रामाणिक राहू या. हा छंद श्रीमंतांनी केला हे खरे आहे. ह्यूम बडे सनदी अधिकारी होते आणि ग्रे उमराव घराण्यातले. मोठ्या लेन्सचा कॅमेरा लाखांच्या घरात जातो हेही खरे आहे. पण तो फोटोग्राफीचा खर्च आहे. पक्षी पाहायला एक दुर्बीण लागते आणि ती तुमच्याकडे आहे. कॅमेरा घेऊ नका, निदान आणखी दोन वर्षे तरी. हातात कॅमेरा आला की माणूस फोटो मिळेपर्यंत पाहतो आणि मिळाला की पाहायचे थांबतो, असे मी वारंवार पाहिले आहे.

उपयोगाचे म्हणाल तर २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जातींच्या रक्षणाला सर्वांत आधी हात घातला पाहिजे असे ठरले. या ३० हजारांतले बहुतेक लोक शास्त्रज्ञ नव्हते. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी असे होते. आपल्या गोव्यातही सालिम अली आणि रॉबर्ट ग्रब यांचा १९७६ मधील लेख आणि त्यानंतर हाइन्झ लायनर यांनी उत्तर गोव्यात राहून वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी, अशा कामांवरच इथली पक्ष्यांची यादी उभी राहिली. तुमच्याकडून मला त्यात एकच नोंद हवी आहे. गणेश चवथीच्या सुमारास तुमच्या पाटावर एक सडपातळ, पोटाला पिवळा, शेपटी सतत खालीवर करणारा पक्षी येईल. तो करडा धोबी. हिमालयाच्या बाजूने येतो आणि उन्हाळ्यात परत जातो. तो पहिल्यांदा दिसला ती तारीख आणि शेवटचा दिसला ती तारीख, अशा वर्षाला दोन तारखा लिहा. दहा वर्षांनी त्या वीस तारखांचा कोणाला उपयोग नाही असे यजमान म्हणणार नाहीत. बेडूकमुखीची नोंद मात्र पिल्लू उडून गेल्यावरच ईबर्डवर टाका, आणि जागा ढोबळ ठेवा.

तुमच्या ताज्या कलमातला शीळ घालणारा माणूस म्हणजे शीळकरी कस्तुर. वाहत्या पाण्याजवळ राहतो आणि पावसाळ्यात, बहुधा उजाडण्यापूर्वी, सूर न लागलेल्या माणसाने मनाशीच शीळ घालावी तसा गातो. म्हणून तुम्हाला फसायला झाले. दिसायला काळा, पण ऊन पडले की कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा. व्हाळाच्या पलीकडच्या काठावर, ओल्या खडकांच्या बाजूला पाहा, आणि समोर मोकळे बसण्याऐवजी माडाच्या बुंध्याआड बसा. तो लाजरा आहे, पण दररोज त्याच खडकावर येतो. तो ६४ वा.